आईचे वाटाणे, बाबांचा सिग्नल : प्राग ते बुडापेस्ट, रेल्वेने

प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट ही सहल आपल्याकडच्या बहुतेक टूर कंपन्या विकतात, आणि ती बसने होते. आम्ही ती रेल्वेने केली, कारण बाबा. मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागातून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला युरोपात नेऊन बसमध्ये कोंबायचं, हे मला जमलं नसतं. आईची अट वेगळी होती. तिने नाशिकरोडच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. नकाशात प्राग आणि व्हिएन्नाच्या मध्ये ब्रनो हे नाव दिसल्यावर तिने त्यावर बोट ठेवलं. "इथे मेंडेल होता. इथे उतरायचं." वाटाण्यांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा तो मेंडेल. टूरवाल्यांच्या यादीत ब्रनो सहसा नसतं. आमच्या यादीत ते असं आलं.

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा होता. व्हिसा, विमान, हॉटेलं हे सगळं ज्याचं त्याला ठाऊक असतं, त्यामुळे थेट प्रागलाच उतरते.

बुधवार, प्राग

दुपारी पोचलो, संध्याकाळी चार्ल्स ब्रिजवर गेलो आणि गर्दी बघून परत आलो. १३५७ मध्ये राजा चौथ्या चार्ल्सने पायाभरणी केलेला हा दगडी पूल आहे, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे, खाली व्ल्टावा नदी. सगळं खरं, पण त्या वेळी पुतळ्यांपेक्षा मोबाइल धरलेले हात जास्त दिसत होते. जुन्या चौकातल्या खगोलीय घड्याळापाशीही तेच. १४१० पासूनचं हे यंत्र तासाच्या ठोक्याला खिडक्या उघडून बारा प्रेषितांच्या मूर्ती फिरवतं, बाजूचा सांगाडा घंटा वाजवतो आणि मिनिटभरात खेळ खलास. जमलेले लोक एकमेकांकडे "एवढंच?" अशा नजरेने बघतात. आई मात्र बराच वेळ खालच्या तबकड्या वाचत राहिली. सूर्य कोणत्या राशीत, चंद्राची कला कुठली, हे सगळं ते घड्याळ आजही दाखवतं. खरा खेळ तबकडीवर आहे. तो बघायला ठोक्याची वाट बघावी लागत नाही.

गुरुवार, प्राग

पहाटे उजाडता उजाडता पुन्हा पुलावर. धुकं इतकं होतं की पलीकडचा किल्ला अर्धाच दिसत होता. पुलावर आम्ही, एक कुत्रा फिरवणाऱ्या आजी आणि लग्नाचे फोटो काढून घेणारं एक कुडकुडणारं जोडपं, एवढेच. पूल बघायचा तर अशा वेळी.

किल्ल्यातलं सेंट व्हिटस कॅथेड्रल १३४४ मध्ये बांधायला घेतलं आणि १९२९ मध्ये पुरं झालं. बाबा म्हणाले, "आपल्या दुहेरीकरणाच्या कामांना उगाच नावं ठेवतात." आत डाव्या हाताला चेक चित्रकार आल्फोन्स मुखाची रंगीत काचेची खिडकी आहे, ती चुकवू नका. बाकीच्या खिडक्यांपेक्षा तिचे रंग वेगळेच उठून दिसतात.

जेवायला ट्रामच्या फाट्याजवळच्या एका साध्या खानावळीत गेलो. प्रागच्या मध्यवस्तीत जेवण महाग आणि बेतास बात. दोन-तीन स्टॉप बाहेर गेलं की निम्म्या पैशात चांगलं मिळतं. बाबांनी स्वीच्कोवा मागवलं : भाज्यांच्या दाट, किंचित गोडसर, साय घातलेल्या रश्श्यात बीफ, वर क्रॅनबेरी, आणि सोबत क्नेडलिकी. ही क्नेडलिकी म्हणजे कणकेचा लांबट गोळा वाफवून त्याच्या चकत्या करतात, अगदी आपण कोथिंबीर वडीचा उंडा वाफवून कापतो तशा. त्या चकत्या पूर्वी सुरीऐवजी दोऱ्याने कापायचे. आई शाकाहारी. तिच्यासाठी स्माझेनी सिर, म्हणजे ब्रेडचा चुरा लावून तळलेला चीजचा जाड तुकडा आणि बटाटे. चेक खानावळीत शाकाहारी माणसाचा हा हक्काचा पदार्थ आहे, पण रोज खाल्ला तर डॉक्टर रागावतील. बटाट्याचं सूपही बहुतेक ठिकाणी असतं. ते मांसाच्या पाण्यात शिजवलंय का, हे मात्र विचारून घ्यावं. "बेझ मासा" म्हणजे मांसाशिवाय. एवढे दोन शब्द पाठ केले की काम होतं. रस्तोरस्ती सळईवर भाजून विकतात ते साखर लावलेलं ट्रडेलनिक पारंपरिक चेक खाद्य म्हणून खपवतात. ते प्रागचं जुनं काही नाही, पर्यटकांसाठी फोफावलेलं आहे. बाबांनी तरीही खाल्लं.

दुपारी सगळे राजवाडे सोडून बाबांना मुख्य स्टेशन बघायचं होतं. खालच्या मजल्यावर दुकानं आणि तिकीट खिडक्यांची गजबज. पण सरकत्या जिन्याने वर गेलात तर योसेफ फांटाने आखलेली, १९०९ मध्ये पुरी झालेली जुनी इमारत आहे : घुमट, रंगीत काचा, कोरलेल्या बायकांच्या मूर्ती. बहुतेक प्रवासी खालूनच गाडी पकडून जातात. फलाट क्रमांक एकवर निकोलस विंटन यांचा पुतळा आहे. अंगावर लहान मूल, शेजारी एक मुलगी आणि सूटकेस. १९३९ मध्ये नाझींच्या तावडीतून ६६९ मुलांना, बहुतेक ज्यू, या स्टेशनवरून रेल्वेने इंग्लंडला पाठवण्याच्या कामात ते होते. १ सप्टेंबरला निघायची शेवटची गाडी युद्ध सुरू झाल्यामुळे सुटलीच नाही. बाबा तिथे टोपी काढून उभे राहिले आणि मग म्हणाले, "इतक्या गाड्यांना कुणीतरी पुढे जायचा लाइन क्लिअर दिला असेल ना. त्यांची नावं कुठे नसतात."

प्रागसाठी दोन सूचना. ट्रामचं कागदी तिकीट काढलं की पिवळ्या पेटीत घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवायचा. न उमटवलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि तपासनीस साध्या वेषात असतात. दुसरं, एटीएम किंवा कार्ड मशीन "रुपयांत हिशेब करू का?" असं विचारतं, तेव्हा नाही म्हणायचं आणि कोरुनामध्येच पैसे द्यायचे. रुपयांतला भाव नेहमी त्यांच्या फायद्याचा असतो.

शुक्रवार, प्राग ते ब्रनो

प्रागच्या स्टेशनात फलाट क्रमांक गाडी सुटायच्या जेमतेम पंधरा-वीस मिनिटं आधी लागतो. सगळे बोर्डाखाली माना वर करून उभे, आणि आकडा उमटला की एकदम पळापळ. बाबांना हे अजिबात आवडलं नाही. "गाडी कुठे घ्यायची हे आदल्या रात्री ठरलेलं असतं. प्रवाशाला सांगायला काय होतं?" स्टेशनात शिरताना ना गेट, ना तपासणी, याचं मात्र त्यांना कौतुक वाटलं.

पार्दुबित्से मागे पडलं तोवर सगळं वेळेत होतं. मग शेतात, कापून नेलेल्या मक्याच्या मधोमध, गाडी थांबली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. चेकमध्ये काहीतरी घोषणा झाली. समोर ब्रनोला शिकणारी एक मुलगी बसली होती. ती म्हणाली, "तांत्रिक अडचण आहे एवढंच सांगितलं." बाबांनी खिडकीला नाक लावून पुढचं वळण बघितलं, घड्याळ बघितलं, आणि निकाल दिला. "पुढे मोठं यार्ड असणार. होम मिळत नाहीये." म्हणजे स्टेशनात शिरायचा सिग्नल. मी ते इंग्रजीत सांगितलं तशी ती मुलगी हसली. पुढे चेस्का त्रेबोवा होतं, या भागातलं मोठं जंक्शन.

थांबायचंच आहे तर जेवू या, म्हणून डायनिंग कारमध्ये गेलो. चेक गाड्यांमधले हे डबे खरोखर चांगले असतात : काचेचे ग्लास, कापडी पडदे, नळाची बिअर आणि तव्यावरून उतरलेलं गरम अन्न. भाव शहरातल्या साध्या हॉटेलइतकाच. गाडी उभी असल्यामुळे सूप सांडायची भीतीही नव्हती. गार्ड तिकीट बघायला आला तेव्हा मी सांगितलं, बाबा भारतात स्टेशन मास्तर होते. त्याने तिकीट तसंच ठेवून आधी हस्तांदोलन केलं आणि निघून गेला. पाव तासाने तो परत आला, मुद्दाम आमच्या टेबलाशी, आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून, मग सोडवून दाखवू लागला. बाबा ताडकन म्हणाले, "पॉइंट फेल्युअर!" म्हणजे रूळ बदलणारा सांधा बिघडला. तो म्हणाला, "या, या, पॉइंट!" माझं भाषांतर संपलं. पुढची दहा मिनिटं त्या दोघांनी कागदी रुमालावर रूळ काढले.

युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे गाडीला तास किंवा जास्त उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के आणि दोन तास किंवा जास्त झाला तर ५० टक्के पैसे मागता येतात, नेहमीच्या अपवादांसकट. आमची गाडी तासाला थोडी कमी असतानाच ब्रनोला लागली. "दहा मिनिटं आणखी थांबवायला काय झालं होतं," असं आई म्हणाली, आणि नवऱ्याच्या खात्याबद्दल ती पहिल्यांदाच असं बोलली असावी.

सुरुवातीचा प्रदेश सपाट आहे. चेस्का त्रेबोवाहून पुढे स्वितावा नदीचं खोरं लागतं, बोगदे, पिवळी पडलेली झाडी, नदीकाठची छोटी छोटी घरं. पुढे जायचंच आहे म्हणून पुस्तक उघडून बसू नका. हा तासभर खिडकीचा.

शनिवार, ब्रनो

हे शहर पर्यटकांची वाट बघत बसलेलं नाही, आणि हेच त्यातलं सुख. सकाळी भाजीबाजारात गेलो. झेल्नी त्रह नावाच्या या उतरत्या चौकात कित्येक शतकं बाजार भरतो. भोपळे, सफरचंदं, लसूण, फुलं आणि प्लास्टिकच्या बाटल्यांमध्ये गढूळ पिवळट काहीतरी. ते बुर्चाक, म्हणजे द्राक्षरस अजून आंबत असतानाची अर्धवट वाइन. फक्त ऑगस्ट ते नोव्हेंबरच विकतात. चवीला गोड, जिभेवर चुरचुरणारं, आणि वाटतं त्यापेक्षा चढणारं. बाबा सवयीने बाटलीचं झाकण घट्ट लावायला गेले तर बाजारवाल्या बाईंनी ओरडून हात धरला आणि तोंडाने "फट्" असा आवाज काढून दाखवला. रस बाटलीतही आंबत असतो, गॅस निघायला जागा लागते. त्यानंतर बाबा दिवसभर ती बाटली उभी धरून चालत होते.

बाजारात उभे असतानाच पेट्रोव्ह टेकडीवरच्या कॅथेड्रलची घंटा सुरू झाली. आईने घड्याळ बघितलं. अकरा. घंटा मात्र दुपारच्या बाराची. गोष्ट अशी सांगतात की १६४५ मध्ये स्वीडिश सैन्याने ब्रनोला वेढा घातला होता आणि त्यांच्या सेनापतीने ठरवलं होतं, दुपारी बारापर्यंत शहर पडलं नाही तर माघार. हे कळल्यावर ब्रनोकरांनी अकरालाच बाराची घंटा दिली. तेव्हापासून इथे मध्यान्ह अकराला होते. वेढा ऐतिहासिक आहे, घंटेची हकीकत दंतकथा. बाबांना ही युक्ती पटली नाही. स्टेशनच्या घड्याळाशी खेळलेला माणूस त्यांच्या लेखी शूर असूच शकत नाही.

जुन्या नगरभवनाच्या कमानीत छताला एक मगर टांगली आहे, भुसा भरलेली. तिला इथले लोक ब्रनोचा ड्रॅगन म्हणतात. दारावरचा मधला दगडी कळस वाकडा आहे. अँटोन पिलग्राम या शिल्पकाराने पैसे पुरे मिळाले नाहीत म्हणून तो मुद्दाम वाकडा केला, अशी दुसरी दंतकथा. कंत्राटदारांच्या गोष्टी सगळीकडे असतात.

आणि मग मठ. ट्रामने मेंडेल चौकात उतरायचं. एका बाजूला बिअरचा कारखाना, दुसऱ्या बाजूला विटांचं उंच चर्च, त्याला लागून ऑगस्टीनियन मठ आणि त्यातलं मेंडेलचं संग्रहालय. १८५६ ते १८६३ या काळात ग्रेगोर मेंडेलने इथे वाटाण्याची सुमारे २८,००० रोपं वाढवली, हाताने परागीकरण केलं, दाणे गोल की सुरकुतलेले, पिवळे की हिरवे, हे मोजलं. १८६५ मध्ये ब्रनोच्या निसर्ग अभ्यासकांच्या मंडळापुढे ते वाचून दाखवलं, पुढच्या वर्षी छापलं, आणि कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९०० मध्ये जगाला त्याची किंमत कळली. तेव्हा त्याला जाऊन १६ वर्षं झाली होती.

आईने हे तीनास एक गुणोत्तर फळ्यावर किती पिढ्यांना शिकवलं असेल! अंगणात त्याच्या मूळ काचघराचा फक्त पाया उरला होता, गवतात एक चौकोन. आई त्या चौकोनाच्या कडेने पावलं मोजत फिरली. "एवढीशी जागा?" तिला धक्का बसला होता. "मी मुलांना सांगताना डोळ्यासमोर शेत असायचं." आत एका फलकावर लिहिलं होतं की शाळाशिक्षकाच्या पात्रता परीक्षेत मेंडेल पास होऊ शकला नाही. आईने चष्मा वर करून ते पुन्हा वाचलं आणि एकदम खूश झाली. "हे पाठ्यपुस्तकात द्यायला हवं होतं. मागच्या बाकांवरची सगळी मुलं जागी झाली असती." तो हवामानाच्या नोंदी ठेवायचा, मधमाश्या पाळायचा, पुढे मठाधिपती झाल्यावर सरकारशी कराच्या भांडणात अडकला. आणि त्याच्या अंत्यसंस्काराला संगीत दिलं ते तरुण यानाचेकने, जो पुढे थोर संगीतकार झाला. यातलं बरंच आईलाही नवीन होतं.

ब्रनोला यायचं तर विला टुगेंडहाटही बघायचं असतं. वास्तुकार मीस व्हान डेर रोहने आखलेलं घर, युनेस्कोच्या यादीतलं. पण आत जायचं तिकीट काही महिने आधी काढावं लागतं. आम्हाला मिळालं नाही. तुम्ही विमानाचं तिकीट काढाल त्याच दिवशी तेही बघा.

संध्याकाळी व्हिएन्नाची गाडी. दीड तासाचा प्रवास. उजव्या हाताला पालावाच्या पांढुरक्या टेकड्या आणि त्यांच्या पायथ्याचं धरण मावळतीच्या उजेडात दिसलं. ब्रनो-व्हिएन्ना ही लाइन जुनी. ७ जुलै १८३९ ला ब्रनोत पहिली गाडी आली, बोरीबंदर-ठाण्याच्या चौदा वर्षं आधी. त्याच दिवशी परतताना व्रानोवित्से स्टेशनात एक गाडी पुढच्या गाडीवर मागून आदळली. उद्घाटनाच्या दिवशीच अपघात. ही माहिती मी घरूनच वाचून आले होते आणि व्रानोवित्से येईपर्यंत राखून ठेवली होती. बाबा म्हणाले, "ब्लॉक नव्हता ना तेव्हा, एका टप्प्यात एकच गाडी असा. नुसत्या वेळेच्या अंतरावर गाड्या सोडायचे." आणि ते छोटंसं स्टेशन सर्रकन गेलं.

रविवार, व्हिएन्ना

रविवारी ऑस्ट्रियात दुकानं बंद असतात, अगदी किराणासुद्धा. मोठ्या स्टेशनांमधली तेवढी उघडी. दूध-फळं शनिवारीच घेऊन ठेवा. पाणी मात्र विकत घेऊ नका. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, १८७३ पासून, आणि बाटलीतल्या पाण्यापेक्षा ते सरस आहे.

सकाळ कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये. इतकी मोठी इमारत एका दिवसात बघायची ठरवलीत तर पाय जातील आणि लक्षात काही राहणार नाही. आम्ही एकच दालन ठरवून गेलो : पीटर ब्रूगेल. बाबेलचा मनोरा आणि बर्फातले शिकारी ही जगप्रसिद्ध चित्रं तिथे आहेत, लोक त्यांच्यासमोर दाटीने उभे असतात. आई शेजारच्या चित्राशी अडकली. १५६० सालचं चित्र, एका गावच्या चौकात दोनशेहून जास्त मुलं खेळताहेत. "अगं, सागरगोटे!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की पहारेकरी वळून बघू लागला. खरंच, डाव्या कोपऱ्यात खाली दोन मुली बसून हाडांचे तुकडे उडवून झेलताहेत. मग आमची स्पर्धाच लागली. भोवरा मिळाला, आंधळी कोशिंबीर मिळाली, वाकलेल्या मुलांवरून उड्या मारणारी रांग मिळाली. चाक फिरवत पळणारी पोरं बाबांनी शोधली. एक जपानी आजोबा आमच्या मागे उभे राहून ऐकत होते. त्यांनीही बोट दाखवत आपल्याकडचे खेळ ओळखायला सुरुवात केली. एका चित्रापुढे पाऊण तास. पहारेकऱ्याने शेवटी आम्हाला हसून मान डोलावली.

दुपारी कॉफीघर. काळा कोट घातलेला वेटर चांदीसारख्या तबकात मेलांज आणि पाण्याचा ग्लास आणून ठेवतो आणि मग तुम्हाला विसरून जातो. हा उद्धटपणा नाही, ही इथली रीत. एका कॉफीवर दोन तास बसा, लाकडी दांडीला लावलेली वर्तमानपत्रं वाचा, कुणी उठवणार नाही. बिल हवं असेल तर मात्र मागावं लागतं. आईने काइझरश्मार्न घेतलं, फाडलेल्या जाड गोड धिरड्याचे तुकडे आणि आलुबुखारची चटणी. त्यात अंडं असतं, हे मी सांगितलं. "दिसत नाही ना?" एवढंच तिने विचारलं.

सोमवार, व्हिएन्ना

बसने काहलेनबर्ग टेकडीवर गेलो, तिथून द्राक्षमळ्यांमधून पायी खाली. वर वारा बोचरा, खाली डॅन्यूब आणि अख्खं शहर. १२ सप्टेंबर १६८३ ला पोलंडचा राजा यान सोबिएस्की याच टेकड्यांवरून उतरला आणि तुर्कांचा वेढा मोडला. बाबांना सनावळ्या पाठ. "त्याच वर्षी नोव्हेंबरात संभाजी महाराज फोंड्याहून पोर्तुगीज विजरईला परतवून लावत होते." इथल्या फलकावर अर्थातच ते नव्हतं. कॉफी व्हिएन्नात आली ती तुर्कांनी टाकून गेलेल्या पोत्यांमधून, अशी गोष्ट सर्रास सांगतात. पण पहिल्या कॉफीघराचा परवाना १६८५ मध्ये मिळाला तो डिओडाटो नावाच्या आर्मेनियन व्यापाऱ्याला. मळ्याच्या कडेला एका बाकावर बुर्चाकचाच ऑस्ट्रियन भाऊ मिळाला, इथे त्याला श्टुर्म म्हणतात. बाबांनी बाटली घेतली नाही, ग्लास घेतला.

संध्याकाळी ऑपेरा, उभ्याने. स्टेट ऑपेरात उभं राहून बघायची तिकिटं दोन कॉफी आणि केकच्या पैशांत मिळतात. आत गेल्यावर आपल्या जागेवरच्या दांडीला स्कार्फ बांधायचा, मग बाहेर फिरून आलात तरी जागा तुमची. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. समोर छोट्या पडद्यावर इंग्रजी शब्द उमटतात. गुडघ्यांनी मध्यंतरापर्यंतच साथ दिली. तेवढंही पुष्कळ झालं, गाणं अप्रतिम होतं.

मंगळवार, व्हिएन्ना ते बुडापेस्ट

पवनचक्क्यांचं मैदान, मग हंगेरी. सीमेवर कुणी काही विचारलं नाही, पण पासपोर्ट हाताशी ठेवा, कधीकधी पोलीस डब्यात येतात. अडीच-पावणेतीन तासांत केलेती स्टेशन. १८८४ चं, समोरून राजवाड्यासारखं आणि आतून जरा दमलेलं.

संध्याकाळी दोन नंबरच्या ट्रामने नदीकाठाने फिरलो. संसदेची इमारत दिव्यांत उजळलेली. तिथून थोडं चालत गेलं की काठावर लोखंडी बूट आहेत, साठ जोड, बायकांचे, पुरुषांचे, लहान मुलांचे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात अॅरो क्रॉस या हंगेरीतल्या नाझीधार्जिण्या पक्षाच्या लोकांनी ज्यूंना इथे उभं करून, बूट काढायला लावून गोळ्या घातल्या आणि नदीत ढकललं. आम्ही तिथे फार बोललो नाही. हॉटेलवर परतताना आईने विंटनच्या मुलांची आठवण काढली, तेवढंच.

बुधवार, बुडापेस्ट

सकाळ मोठ्या मंडईत. १८९७ ची लोखंडी छताची इमारत. तळमजल्यावर लाल मिरच्यांच्या माळा आणि पॅप्रिकाची पुडकी. पुडक्यावर "एदेश" लिहिलं असेल तर गोड, "चिपोश" असेल तर तिखट. आईने चिपोश हातावर घेऊन चाटलं, विक्रेत्या आजींकडे बघितलं आणि मान हलवली : नाही. आजींनी काउंटरखालून दुसरी पुडी काढली. आईने पुन्हा चाटलं, पुन्हा नाही. तिसऱ्या पुडीला आईच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा दोघी हसल्या आणि सौदा झाला. याच पॅप्रिकातून सेगेदच्या आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळं काढलं. त्यांना १९३७ चं नोबेल मिळालं. हे आईने आम्हाला मंडईतच शिकवून घेतलं.

वरच्या मजल्यावरचे लांगोश चांगले असले तरी पर्यटकांच्या भावाचे. आंबवलेल्या पिठाचा तळलेला गोल, वर लसणीचं पाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज. तिघांत एक पुरतो. शाकाहारींनी खरं शोधावं ते फ्योझेलेक. भाजी शिजवून पीठ आणि आंबट सायीने दाट केलेली, वाडगाभर. पालक, भोपळा, मसूर असे प्रकार असतात. वर मांसाचा गोळा ठेवायची पद्धत आहे, तो नको म्हणून आधीच सांगायचं. त्या दिवशी खानावळीत कुठलं होतं? वाटाण्याचं. "मेंडेल काही पाठ सोडत नाही," आई म्हणाली आणि दुसरा वाडगा मागवला.

दुपारी पिवळ्या एक नंबर मेट्रोने सेचेनी स्नानगृहात. ही मेट्रो १८९६ ची, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली भुयारी रेल्वे. स्टेशनं रस्त्याखाली इतकी उथळ की चार पायऱ्या उतरलं की फलाट. स्नानगृहात आईने पाण्यात उतरायला ठाम नकार दिला आणि काठावर पुस्तक वाचलं. बाबा उतरले. गरम पाण्यात छातीपर्यंत उभे राहून बुद्धिबळ खेळणाऱ्या म्हाताऱ्यांचा एक अड्डा असतो. बाबा तासभर त्यांच्या डावावर नजर ठेवून होते. शेवटी एकाने त्यांना खेळायची खूण केली. बाबा हरले, पण बाहेर येऊन सांगितलं ते "बरोबरीत सुटला असता" असं. स्वतःचा टॉवेल आणि चपला न्या, तिथे महाग पडतात.

गुरुवार, बुडापेस्टच्या टेकड्या

ही जागा मी बाबांना सांगितली नव्हती. वारोशमायोरहून दात्यांच्या रुळावरची गाडी टेकडी चढते. ती १८७४ पासून आहे, शहराच्या पासवर चालते. वर उतरून थोडं चाललं की मुलांची रेल्वे. सवा अकरा किलोमीटरच्या आसपासची लाइन, बुडाच्या जंगलातून जाणारी, १९४८ मध्ये सुरू झालेली. इंजिन मोठी माणसं चालवतात. बाकी सगळं, म्हणजे तिकिटं विकणं, घोषणा, सांधे बदलणं, सिग्नल, झेंडी, दहा ते चौदा वर्षांची मुलं करतात. मोठे लोक मागे उभे राहून लक्ष ठेवतात. कम्युनिस्ट राजवटीत ही पायोनियर, म्हणजे पक्षाच्या बालसंघटनेतल्या, मुलांची रेल्वे होती. राजवट गेली, रेल्वे राहिली.

बाबांनी आधी रूळ बघितले. खाली वाकून दोन रुळांमधलं अंतर वितीने मोजलं. "अडीच फुटी. शकुंतला!" मूर्तिजापूरला त्यांची पहिली नेमणूक. यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी ती छोटी गाडी तिथूनच सुटायची, आता बंद पडलेली. इथला गेज ७६० मिलिमीटर, शकुंतलेचा ७६२. दोन मिलिमीटरचा फरक त्यांनी सोडून दिला.

मग लाल टोपी घातलेला एक मुलगा फलाटावर आला, कोटाच्या बाह्या जरा लांब. गाडी सुटताना त्याने हात कपाळाला लावून सलाम ठोकला, अगदी ताठ, गाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत. पुढच्या स्टेशनावर एक मुलगी, तोच सलाम. बाबा खिडकीत उभे राहून प्रत्येक स्टेशनावर उलटा सलाम देत होते. आमच्या डब्यातली तिकीट तपासणारी पोर बारा-तेरा वर्षांची असेल. तिला मी इंग्रजीत सांगितलं, हे स्टेशन मास्तर होते, तेव्हा तिने विचारलं, "किती फलाट?" बाबांनी चार बोटं दाखवली. तिने गंभीरपणे मान डोलावली, म्हणजे तिच्या हिशेबाने ठीकच.

उतरल्यावर तिथल्या देखरेख करणाऱ्या बाईंनी सिग्नलच्या खोलीच्या दारातून डोकावू दिलं. जुन्या तऱ्हेचे लिव्हर, भिंतीवर लाइनचा नकाशा, आणि एक मुलगा दोन्ही हातांनी लिव्हर ओढताना. बाबांचा हात नकळत पुढे गेला आणि परत आला. दुसऱ्याच्या केबिनमध्ये हात लावायचा नसतो. ही मुलं कशी निवडतात, असं आईने विचारलं. बाई म्हणाल्या, पालकांची परवानगी, मग काही महिन्यांचं प्रशिक्षण, परीक्षा, आणि शाळेत मार्क चांगले लागतात.

आई लगेच बाबांकडे वळली. "ऐकलंत? इथेसुद्धा मार्क बघतात."

"मग मला घेतलंच नसतं," बाबा म्हणाले आणि परतीच्या गाडीची वेळ बघायला फलाटावर गेले.